लेबलं वाचणं हेही संशोधनच

तंत्रज्ञानाच्या नीतिशास्त्रावरच्या प्रकल्पात कलाशाखेच्या पदवीच्या मुलांना नुसतं संदर्भ टिपायचं काम मिळतं, असं काहींचं मत असतं; ते मला पटत नाही. संगणकाला चित्रं ओळखायला शिकवणाऱ्या इमेजनेट या चित्रसंचाचंच बघा. त्यातले वर्ग, म्हणजे चित्रांना लावलेली लेबलं, वर्डनेट या इंग्रजी शब्दसंग्रहातून आले. माणसांचे २,८३२ वर्ग होते. त्यातले तब्बल १,५९३ अपमानास्पद किंवा संवेदनशील असल्याचं संच बनवणाऱ्या चमूनेच २०१९ मध्ये जाहीर केलं. कुठला शब्द शिवी आहे, कुठला चेहरा पाहून लावताच येणार नाही, हे ठरवायला भाषेची आणि इतिहासाची जाणच लागते.

मी अशा प्रकल्पात संशोधन सहायक होते तेव्हा अशाच एका यादीवर काम केलं. एकेका शब्दावर तास तास वाद व्हायचे, आणि प्राध्यापक आमचं म्हणणं खरंच नोंदवून घ्यायचे. म्हणून अशा प्रकल्पात कामासाठी अर्ज करताना विचारा: लेबलं कोण तपासणार?