साध्या मजकुराच्या वहीत चित्रे कशाला? ऑर्ग मोडच्या नव्या सोयींवर चर्चा

शिवारातला मास्तर, परभणी

ऑर्ग मोड या संगणकावरच्या टिपणवहीच्या ९.७ या आवृत्तीत, म्हणजे जून २०२४ मध्ये, कॉपी केलेले छायाचित्र थेट टिपणात चिकटवण्याची किंवा ओढून आणून टाकण्याची सोय आली. वापरणाऱ्या मित्रमंडळींत तिचे कौतुकच झाले. माझे मत विरुद्ध आहे, आणि ते नीट मांडता यावे म्हणून हा धागा काढतो आहे.

ज्यांनी हे साधन वापरलेले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ईमॅक्स या संपादकात, म्हणजे मजकूर लिहिण्याच्या प्रोग्रॅममध्ये, चालणारी ही टिपणवही खगोलशास्त्रज्ञ कार्स्टेन डॉमिनिक यांनी २००३ मध्ये लिहायला घेतली. मथळ्यापुढे तारका, करायच्या कामापुढे टूडू हा शब्द आणि कोनी कंसात तारीख, एवढ्यावर बहुतेक कारभार चालतो. आणि सगळे काही साध्या मजकुराच्या फाइलीत असल्यामुळे उद्या ईमॅक्स हाताशी नसला तरी कोणत्याही संगणकावर, कोणत्याही संपादकात ते वाचता येते. मी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो आणि गावाकडची सात एकर जमीन धाकट्या भावाबरोबर पाहतो. पेरणी, फवारणी, मजुरी, उचल, सगळे एकाच फाइलीत आहे.

सप्टेंबर २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत आमच्याकडे जो पाऊस झाला तो सर्वांच्या लक्षात असेल. खालच्या शेतातले सोयाबीन कमरेइतक्या पाण्यात होते. पीक विम्यासाठी नुकसानीची सूचना तेव्हा ७२ तासांत द्यावी लागत होती, म्हणून मी फोटो काढले, ‘खालचे शेत’ या मथळ्याखाली चिकटवले, फाइल पेन ड्राइव्हवर घेतली आणि तालुक्याला निघालेल्या भावाच्या हाती दिली. तिथे त्याने ती उघडली तेव्हा तारखा होत्या, क्षेत्र होते, गट क्रमांक होता, आणि प्रत्येक फोटोच्या जागी फक्त एकेक ओळ होती. फोटो माझ्याच संगणकावर ‘डेटा’ नावाच्या फोल्डरात राहिले होते. चूक माझी, हे मान्य आहे. पण जी चूक मी बारा वर्षांत कधी केली नाही, कारण करणे शक्यच नव्हते, ती या सोयीने शक्य केली. मजकूर एका जागी आणि चित्र ज्याचे नाव माणसाला वाचताही येत नाही अशा फोल्डरात, असे झाले की वही साधी राहत नाही.

जमाखर्चवाली, लातूर

सर, तुमच्या सोयाबीनचे वाईट वाटले, तरी निष्कर्ष पटला नाही.

चित्र चिकटवले की ते त्या मथळ्याची जोडणी म्हणून ठेवायचे, हा केवळ आधीपासून बसवलेला पर्याय आहे. मथळ्याला एक लांबलचक ओळखक्रमांक मिळतो, त्याची पहिली दोन अक्षरे एका फोल्डराचे नाव होतात, उरलेली आतल्या फोल्डराचे, म्हणून तुम्हाला ती नावे अगम्य वाटली. हा पर्याय बदलून फाइलीशेजारच्या ‘फोटो’ फोल्डराचे नाव दिले की चित्रे तिथेच पडतात, आणि तो फोल्डर फाइलीबरोबर उचलायचा. खतावणीबरोबर पावत्यांची फाइल न्यायची असते, हे आमच्या धंद्यात पहिल्या महिन्यात शिकवतात. पावत्या घरी राहिल्या म्हणून कुणी खतावणीला दोष देत नाही.

दुसरे, ‘नवे’ कशाला म्हणायचे हेही ठरवायला हवे. पुन्हा पुन्हा येणाऱ्या कामांची तारीख पुढे ढकलण्याच्या तीन पद्धती यात आहेत, आणि आज त्यांच्याविना माझे पान हलत नाही. तारखेच्या कंसात एकच अधिक चिन्ह दिले तर तारीख जुन्या तारखेपासून एकेका टप्प्याने सरकते; ते कर्जाच्या हप्त्याला योग्य, कारण दोन हप्ते थकले तर दोन्ही भरावेच लागतात. दोन अधिक चिन्हे दिली तर चुकलेले सगळे टप्पे ओलांडून तारीख आजच्या पुढे जाते, पण वार तोच राहतो. आठवडी बाजाराला हेच हवे, कारण गेल्या शनिवारचा बाजार आज कुणी भरवत नाही. टिंब आणि अधिक दिले तर काम ज्या दिवशी केले त्या दिवसापासून मोजणी होते. ठिबकचा फिल्टर धुण्यासाठी ती बरोबर, कारण चार दिवस उशिरा धुतला तर पुढची धुणीही चार दिवस पुढे जाते. या तिन्ही पद्धती एके काळी कुणाला तरी नसती उठाठेव वाटल्या असतील. फोटोचेही तसेच होईल.

विष्णुपुरीचा विद्यार्थी, नांदेड

मी सरांच्या बाजूचा आहे, पण कारण वेगळे आहे. आधी कबुली देतो: ९.५ मध्ये आलेली संदर्भ देण्याची सोय नसती तर माझा प्रबंध अजून लटकलेला असता, त्यामुळे नव्याला सरसकट विरोध करण्याचा मला अधिकार नाही.

पण जून २०२४ मध्येच ईमॅक्सची २९.४ ही आवृत्ती तातडीने काढावी लागली, ती ऑर्ग मोडमधल्याच एका दोषामुळे. फाइलीच्या सुरुवातीला लिंकची संक्षिप्त रूपे ठरवता येतात आणि त्या संक्षेपात एखादे फंक्शन, म्हणजे प्रोग्रॅमचा तुकडा, चालवण्याचीही मुभा होती. परिणामी, कुणी मुद्दाम रचलेली फाइल तुम्ही नुसती उघडली तरी तुमच्या संगणकावर आज्ञा चालू शकत होती. त्याच वर्षी मार्चमध्ये २९.३ ही आवृत्तीही अशाच सुरक्षेच्या कारणाने आली होती. साध्या मजकुराची फाइल म्हणून आपण जी निर्धास्तपणे उघडतो, ती सोयीमागून सोय चढवल्यावर साधा मजकूर राहत नाही, तिच्यात प्रोग्रॅम वस्तीला येतो. लांब पत्त्याऐवजी दोन अक्षरे लिहिता यावीत, एवढ्याशा सोयीतून हे झाले.

जमाखर्चवाली, लातूर

हा मुद्दा मात्र वजनदार आहे, आणि यावर माझ्याकडे पुरते उत्तर नाही. एवढेच म्हणेन की दोष सापडला, दुरुस्तीही आली, आणि आपण सर्वांनी ती घेतलेली असावी. ज्यांनी घेतली नसेल त्यांनी पुढचा प्रतिसाद लिहिण्याआधी घ्यावी.

बिंदुसरा, बीड

चित्रे आणि संदर्भ यांवर इतकी शाई खर्च झाली, पण आपण मराठीत लिहिणारी माणसे आहोत याची आठवण कुणाला झालेली दिसत नाही. तारखेतले अंक देवनागरीत लिहून पाहा: ऑर्ग मोड तिला तारीख मानत नाही आणि ते काम अजेंड्यात, म्हणजे तारीखवार कामांच्या यादीत, येत नाही. तक्त्यात देवनागरी अंक भरून बेरीज मागा, बेरीज मिळत नाही. आणि तक्त्याच्या उभ्या रेघा! ‘मजुरी’, ‘क्षेत्र’, ‘ट्रॅक्टर भाडे’ असे शब्द एका रकान्यात एकाखाली एक लिहिले की जोडाक्षरांची पडद्यावरची रुंदी आणि प्रोग्रॅमने धरलेली रुंदी यांचा मेळ बसत नाही, आणि रेघा पावसात भिजलेल्या कुडासारख्या झुकतात. वडिलांसाठी काढलेला कापूस वेचणीचा तक्ता मी छापून दिला, तर त्यांनी विचारले की हा रकाना कुणाचा आणि हा कुणाचा.

तेव्हा सर, तुमचा विरोध मला अपुरा वाटतो आणि ताई, तुमचे समर्थनही. नव्या सोयी याव्यात, पण आपल्या लिपीची बाजू कुणी मांडल्याशिवाय ती यादीत येणार नाही, आणि ती मांडायची तर आपणच नीट उदाहरणे देऊन कळवायला हवे.

शिवारातला मास्तर, परभणी

रेघांचा त्रास मीही सोसतो. त्यावर मी काढलेला तोडगा असा की तक्त्यात फक्त इंग्रजी अंक आणि एका अक्षराच्या खुणा ठेवायच्या, आणि खुणांचा अर्थ खाली वाक्यांत लिहायचा. हा तोडगा आहे, उपाय नव्हे, हे बीडकरांचे म्हणणे मान्य. ते उदाहरणे गोळा करणार असतील तर माझे मजुरीचे तक्ते देतो.

ताई, तुम्ही सांगितल्याप्रमाणे काल रात्री पर्याय बदलला. नवा फोटो शेजारच्या फोल्डरात पडला, आणि फोल्डर व फाइल दोन्ही पेन ड्राइव्हवर घेऊन भावाच्या संगणकावर उघडून पाहिले, चित्र दिसले. तरीही माझा आक्षेप मी मागे घेत नाही, कारण जो पर्याय बदलायला बारा वर्षे हे साधन वापरणाऱ्या माणसाला तुमचा प्रतिसाद वाचावा लागला, तो नवख्याला कोण सांगणार? बसवलेला पर्यायच उलटा असायला हवा होता. खालच्या शेताचे जुने फोटो आता आपोआप नव्या फोल्डरात येतील का, एवढे सांगावे.

जमाखर्चवाली, लातूर

नाही येणार. जुन्या ओळी जुन्याच जागेकडे बोट दाखवत राहतील. आधी फाइलीची आणि ‘डेटा’ फोल्डराची, दोन्हींची प्रत काढून ठेवा, मग एकेक फोटो हलवून त्याची ओळ हाताने बदला. रब्बीच्या पेरणीआधी उरकून टाका, नंतर तुम्हाला वेळ मिळणार नाही.