बंपरचे ब्रॅकेट घरच्या वेल्डिंगवर दुरुस्त करावे का?

माणदेशी
माझ्याकडे २००९ सालची बोलेरो आहे. शेतातून बाहेर पडताना पुढची डावी बाजू दगडी बांधाला टेकली आणि बंपर त्या बाजूने चार बोटे खाली आला. बंपर उतरवून पाहिले तेव्हा उजवे ब्रॅकेट बोल्टवर असून थोडेसेच वाकलेले दिसले. डावे ब्रॅकेट मात्र आधीच्या मालकाने केव्हातरी चेसिसच्या टोकाला थेट वेल्ड करून टाकले होते, आणि आता त्या वेल्डच्या कडेने, वेल्ड शाबूत ठेवून शेजारच्या पत्र्यात, साधारण अडीच इंचांची चीर गेली आहे.

घरी सिंगल फेजवर चालणारे २०० अँपिअरचे इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन आहे. गेट आणि ट्रॉलीची फाळकी यांची कामे मी स्वतः करतो. विचार असा आहे की चिरेवर वेल्ड मारावे, वरून आठ मिलिमीटरची पट्टी लावावी आणि त्याच पट्टीला पुढे पाइपचा गार्ड जोडावा, म्हणजे पुन्हा असा प्रसंग आला तरी बंपरला काही होणार नाही. जाणकारांनी मत द्यावे.

जुना फिटर
चीर वेल्डमधून न जाता कडेने गेली आहे, हे आपण नेमके टिपले आहे, आणि सगळी गोम तिथेच आहे. गाडी खडबडीत रस्त्यावर चालते तेव्हा बंपरचे वजन त्या टोकाला सतत हिसके देत राहते, आणि जिथे जाड, ताठ भाग संपून पातळ भाग सुरू होतो तिथे ताण साठतो. त्यातच तो पत्रा वेल्डच्या वेळी तापून निवालेला असतो. त्यामुळे आठ मिलिमीटरच्या पट्टीने चीर थांबणार नाही, पट्टी संपेल तिथून नवी चीर सुरू होईल. मूळ पत्रा व्हर्नियरने मोजा आणि पट्टी तेवढ्याच जाडीची घ्या.

त्याआधी चेसिस सरळ आहे का ते पाहावे लागेल. गाडी सपाट फरशीवर उभी करून चेसिसच्या दोन्ही बाजूंना कारखान्यातूनच असलेली समोरासमोरची भोके निवडा, पुढची दोन आणि मागची दोन. प्रत्येक भोकातून ओळंबा सोडून खाली खडूने खूण करा, गाडी बाजूला घ्या आणि खुणांच्या चौकोनाचे दोन्ही कर्ण टेपने मोजा. पाच-सहा मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर वेल्डिंगचा विचार सोडा, कारण चेसिस खेचून सरळ करण्याचे काम गाडी जखडून ठेवणाऱ्या गॅरेजमधल्या बेंचवरच होते, घरी हातोड्याने होत नाही.

घाटवाट
फिटरसाहेबांशी सहमत आहे, पण पाइपच्या गार्डला माझा स्पष्ट विरोध आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवले होते की असे क्रॅश गार्ड बसवणे हे मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ चे उल्लंघन आहे. कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी, धडकेच्या वेळी बंपर आणि ब्रॅकेट यांनी आधी वाकायला हवे. ते वाकले नाहीत तर धक्का थेट चेसिसला आणि पुढे आत बसलेल्यांना पोहोचतो. समोर पायी चालणारा माणूस असेल, तर त्याचे काय होईल ते वेगळे सांगायला नको.

आणखी एक. हे वाचून कोणी आपल्या नव्या मोनोकॉक गाडीवर, म्हणजे वेगळी चेसिस नसून सांगाडा आणि बॉडी एकच असलेल्या गाडीवर, रॉड टेकवू नये. तिथे बंपरच्या बीममागे चुरगळण्यासाठीच बनवलेले क्रॅश बॉक्स असतात, आजूबाजूला उच्च-ताण पोलाद असते जे तापवल्यावर आपली ताकद गमावते, आणि एअरबॅगचे सेन्सर जवळच बसवलेले असतात. तो भाग बदलायचा असतो, जोडायचा नसतो. विम्याचा दावा करणार असाल, तर सर्वेक्षक पाहून जाईपर्यंत कशालाच हात लावू नका.

माणदेशी
दोघांचेही आभार. गार्डचा विचार सोडला. कर्णांत तीन मिलिमीटरचा फरक आला. मात्र वायर ब्रशने रंग काढल्यावर दिसले की चीर खालच्या बाजूने अर्धा इंच चेसिसच्या पत्र्यातही उतरली आहे. आता काय करावे?

जुना फिटर
तर मग जुने ब्रॅकेट वाचवण्यात अर्थ नाही. ग्राइंडरने ते वेल्डच्या बाहेरून कापा आणि उरलेला वेल्ड हळूहळू घासत चेसिसच्या पातळीला आणा. घाईत मूळ पत्रा पातळ करू नका. चिरेचे टोक नीट शोधून तिथे तीन मिलिमीटरचे भोक पाडा, म्हणजे ती पुढे सरकणार नाही. मग चिरेला इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच करून ती तळापासून भरा. अडीच मिलिमीटरचा ६०१३ रॉड आणि ७०-८० अँपिअर करंट या जाडीला पुरतो. वरची पट्टी चौकोनी न कापता दोन्ही टोके तिरकी ठेवा आणि चेसिसच्या खालच्या कडेवर आडवा वेल्ड अजिबात मारू नका. तिथला आडवा वेल्ड हाच पुढच्या चिरेचा जन्म असतो.

नवे ब्रॅकेट उजवीकडच्यासारखे बोल्टवरच बसवा, ८.८ ग्रेडचे बोल्ट वापरा आणि भोके थोडी लांबट ठेवा. ब्रॅकेटचे भाग एकमेकांना जोडताना आधी फक्त टाके मारा, सगळे बोल्ट ढिले ठेवून बंपर टांगा, बॉनेट आणि दिव्यांशी दोन्हीकडची फट सारखी आली की मगच ब्रॅकेट उतरवून पूर्ण वेल्ड करा.

बॅटरीच्या दोन्ही वायरी सोडा. अर्थिंगचा चिमटा वेल्डच्या अगदी जवळ, स्वच्छ घासलेल्या लोखंडावर लावा, नाहीतर करंट बेअरिंगमधून वाट काढतो. भाग पुसायला ब्रेक क्लीनर वापरू नका. क्लोरीनयुक्त क्लीनर आर्कच्या उष्णतेत आला की फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. रेडिएटरवर ओले गोणपाट टाका आणि हाताशी पाण्याची बादली नव्हे, पावडरचे अग्निशामक ठेवा.

घाटवाट
रंगाबद्दल राहिले. वेल्डवरची कीट चिपिंग हातोडीने पूर्ण निघाल्याशिवाय रेड ऑक्साइड मारू नका, आणि चेसिसच्या आतल्या बाजूचा रंगही जळलेला असतो, तिथे मेणाचा फवारा द्या. गाडी ओढण्याचा हुक याच टोकाला असेल, तर या दुरुस्तीनंतर त्याला दोर लावू नका. उजव्या बाजूच्या हुकाचाच वापर करा.