पोडियमवर खेळायला दिलं नाही म्हणून मुंबई सोडावी का?

परतीचा_नाशिककर
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज लिहायला बसलो कारण बायको म्हणाली माझं डोकं खाऊ नकोस, लोकांना विचार.

मूळचे नाशिकचे, मुंबईत 11 वर्षं झाली. लालबागला एका रिडेव्हलप झालेल्या चाळीच्या रिहॅब विंगमध्ये (जुन्या चाळकऱ्यांना दिलेली इमारत) भाड्याने राहतो, ऑफिस लोअर परळला, चालत पंचवीस मिनिटं, त्यामुळे ट्रेनचे हाल मला नाहीत हे आधीच कबूल करतो. लेक दुसरीत आहे. गेल्या महिन्यात तिच्या वर्गातली एक मुलगी आमच्याच कॉम्प्लेक्समधली निघाली, फक्त सेल विंगमधली, म्हणजे बिल्डरने बाहेर विकलेल्या इमारतीतली. ती हिला हाताला धरून पोडियमवर, म्हणजे त्यांच्या इमारतीच्या खेळायच्या गच्चीवर, घेऊन गेली आणि वॉचमनने हिला एकटीला परत पाठवलं, तुमचं गेट मागचं म्हणून. त्याच्यावर राग नाही, त्याला जे सांगितलंय ते तो करतो. रात्री लेक विचारते, "बाबा, आपण मागचे आहोत का?"

तेव्हापासून झोप गेलीय. ऑफिसात पण तेच, लालबाग म्हटलं की पुढचा प्रश्न कुठला टॉवर. मग रागारागात भांडुपला एक वन बीएचके बघितला, 410 चौरस फूट कार्पेट, 1 कोटी 35 लाख. एवढ्या मोठ्या लोनला बँक किमतीच्या 75 टक्केच देते, म्हणजे साधारण 1 कोटी लोन आणि 35 लाख आपले, वर स्टॅम्प ड्यूटी 6 टक्के म्हणजे 8 लाख 10 हजार वेगळेच. साडेआठ टक्क्यांनी 20 वर्षं धरली तर हप्ता 86-87 हजार. दोघांच्या पगारात बसतो, पण 20 तारखेनंतर घरात कुणी शिंकायचं पण नाही असा प्रकार. दुसरीकडे नाशिकला अंबड एमआयडीसीत एक ऑफर आहे, पगार जवळपास 40 टक्के कमी, पण तिथेच सिडकोत आईवडिलांचं घर आहे. काय करावं?

डाउन_करून_अप
दादा, मी डोंबिवलीची, गेली 16 वर्षं सीएसएमटीला नोकरी. सीट हवी म्हणून आधी उलटं कल्याणला जाते आणि मग तीच गाडी पकडून परत येते, आता बोला. जाऊन येऊन रोजचे साडेतीन तास. आमच्या लेडीज डब्यात कोण भाड्याने राहतं आणि कोण टॉवरमध्ये हे कुणी विचारत नाही, तिघींच्या सीटवर चौथी म्हणून टेकायला मिळालं की सगळ्या सारख्या. दसऱ्याला डब्याची पूजा, संक्रांतीला हळदीकुंकू, एकीचं डोहाळजेवण पण ठाणे ते भायखळा उरकलंय. पण गुडघे गेले हो. आणि मुलगा लहान असताना मला फक्त झोपलेला दिसायचा.

तुमचे पंचवीस मिनिटं चालणं हे मुंबईत सोनं आहे, ते भांडुपच्या हप्त्यासाठी मोडू नका. माझं माहेर सोलापूर, परत का नाही जात म्हणाल तर एकच कारण, रात्री साडेअकराला मी एकटी स्टेशनवरून घरी येते आणि शेजारीपाजारी कुणी हिशोब ठेवत नाही. तुम्हाला मुलगी आहे, हे पण बघा.

भांडुपकर_अगदी_ओरिजनल
घेतलंच तर एकट्या वहिनींच्या नावावर घ्या, बाईच्या नावावर स्टॅम्प ड्यूटी 1 टक्का कमी लागते, तुमच्या केसमध्ये 1 लाख 35 हजार. नवरा-बायको जॉइंट असेल तर सूट नाही, आम्ही तिथेच फसलो. बाकी भांडुपमध्ये पण सेल विंग असतेच, आणि आता तुम्ही पुढच्या गेटवाले व्हाल, हाहा.

गोदाकाठी_परत
मी 2019 ला मुंबई सोडून नाशिकला आलो त्यामुळे अनुभवाने सांगतो. पहिले सहा महिने स्वर्ग. सकाळी घाईने पळायचं नाही, दुपारी जेवायला घरी, पोरं सायकलवर शाळेत. मग हळूहळू कळायला लागलं. मुंबईत तुझा पगार किती हे तुझ्या मजल्यावरच्या माणसाला पण माहीत नसतं, इथे मावसभावाच्या सासऱ्याला माहीत असतो. लग्नात भेटलेला पहिला माणूस विचारतो परत का आलास, नोकरी गेली का? आणि राग मानू नकोस मित्रा, पण तू सिडको म्हणालास. कॉलेज रोड, गंगापूर रोडवाली मंडळी सिडको ऐकलं की कसं "अच्छा" म्हणतात ते तुला माहिती असणारच, तू तिथेच वाढलायस. तुमच्या पोडियमला निदान गेट तरी दिसतं.

मला स्वतःला पस्तावा नाही, वडिलांच्या शेवटच्या दोन वर्षांत मी इथे होतो. पण मी त्यांच्यासाठी आलो होतो, मुंबईवर रुसून नाही. रुसून आलेले दोघं माझ्या ओळखीचे आहेत, एक परत गेला, दुसरा रोज बोलून दाखवतो.

गिरणगावचा_म्हातारा
माझा जन्मच लालबागचा. वडील गिरणीत, 1982 च्या संपात घरी बसले ते बसलेच. आईने खानावळ चालवली, दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही सहा माणसं आणि जेवायला येणारे गाववाले वेगळेच. लोकांना वाटतं तेव्हा चाळीत सगळे समान होते. काही नाही हो. कुणाच्या घरात टीव्ही आहे, कुणी उंबऱ्याच्या आत बसून बघायचं आणि कुणी बाहेर गॅलरीतून, सगळं ठरलेलं. टीव्हीवाल्या काकू चिडल्या की दार लावून घ्यायच्या, मी स्वतः बाहेर उभा राहून नुसता आवाज ऐकलाय. फरक इतकाच की त्याच काकूंनी संपाच्या वर्षी आम्हाला दोन महिने रेशन दिलं. वॉचमनच्या मागे जे कोण आहेत ते तुम्हाला दिसत नाहीत, माझ्या मते खरी अडचण ती.

आता गिरणीच्या जागेवर टॉवर आहेत आणि मी तिथे पुतण्याकडे गेलो की गेटवर नाव, नंबर, फोटो, सगळं घेतात. जिथे माझा बाप पाळीला जायचा तिथे मी व्हिजिटर. हसू पण येतं. पण अर्ध्या रात्री छातीत दुखलं तर केईएम हॉस्पिटल दहा मिनिटांवर आहे, दादरला नाटक बघून चालत घरी येता येतं, आणि मला अजून गल्लीतला इस्त्रीवाला नावाने हाक मारतो. मी नाही हलणार. तुमचं वय वेगळं. सोसायटीच्या मीटिंगला घरमालकाला घेऊन जा आणि पोडियमचा विषय काढा, कागदावर काय आहे ते बघा, बऱ्याच ठिकाणी सगळं तोंडीच चालतं.

परतीचा_नाशिककर
सगळ्यांचे आभार, काकांचं वाचून बायको रडली. भांडुपच्या फ्लॅटचं टोकन सध्या थांबवलंय, अंबडवाल्यांकडे पंधरा दिवस मागितलेत. घरमालक म्हणतो मीटिंगला येतो, बघू.

काल एक गंमत झाली. ती मैत्रीणच मागच्या गेटने आमच्याकडे आली, दोघी जिन्यात भातुकली मांडून बसल्या. तिच्या आईला आमचा जिनाच सापडेना, फोनवर विचारत होती मागचं गेट नक्की कुठून. वर आली, चहा घेतला, अर्धा तास त्यांच्या हप्त्याबद्दल बोलली. आमच्या होऊ घातलेल्या हप्त्याच्या दुप्पट आहे.

भांडुपकर, एक सांगा, घर एकट्या बायकोच्या नावावर आणि लोनला मी को-ॲप्लिकंट, असं चालतं ना?