मदत हवी आहे: वडिलांच्या एचएमटीची डायल बदलू की नको? लवकर सांगा

गिरणाकाठ
नमस्कार मंडळी. वडिलांचं एचएमटी घड्याळ आहे. ते गेल्यापासून कपाटातच होतं. परवा इथे पाचोऱ्यात दुरुस्तीला दिलं, तर घड्याळवाले म्हणतात मशीन गेलंय, दुसरं टाकू. डायलवर डाग आहे तर नवीन डायलही टाकून देतो, एकदम कोरं दिसेल. उद्या दुपारपर्यंत हो की नाही ते कळवायचंय. वर्षश्राद्धाच्या आधी घड्याळ आईच्या हातात द्यायचं आहे. डायल बदलू का? ज्यांना यातलं कळतं त्यांनीच सांगा, प्लीज.

सतरा_ज्वेल
मॉडेल कोणतं? जनता, पायलट, सोना, कोहिनूर, कांचन? चावीचं की ऑटोमॅटिक? आणि "मशीन गेलंय" म्हणजे नेमकं काय? बंद पडतंय, मागे पडतंय की पुढे पळतंय? एवढं कळल्याशिवाय कोणी काही सांगू शकणार नाही. तोवर डायलला हात लावू देऊ नका.

रावेरकर
बिनधास्त बदला. मी सासऱ्यांच्या घड्याळात सेलचं मशीन बसवून घेतलं. रोज चावी द्यायची कटकट गेली, टाइम एकदम करेक्ट. वस्तू वापरात राहिली तरच तिची किंमत. कपाटात ठेवून काय करणार?

सतरा_ज्वेल
@रावेरकर, सेलचं मशीन टाकल्यावर त्यात सासऱ्यांचं राहिलं काय, नुसती बाहेरची केस (डबी) आणि पट्टा? ते ज्या टिकटिकीवर उठायचे-बसायचे ती तर गेली.

रावेरकर
ते घड्याळ मी रोज हातात घालतो दादा. तुमच्यासारख्या संग्रहवाल्यांची पेटीत बंद असतात.

तापीवरचा
जनता असेल तर फार पैसे येणार नाहीत, पायलटला काळ्या डायलमुळे मागणी जास्त. ऑनलाइन रंगीबेरंगी डायलची "नवीकोरी" एचएमटी दिसतात, ती बहुतेक जुन्या मशीनवर डायल पुन्हा छापून जोडलेली असतात. विकायचं असेल तर आहे तसंच विका.

गिरणाकाठ
विकायचं कोणी म्हटलं? विषयावर बोला ना.
जनताच आहे. चावीचं. पांढरी डायल, त्यावर देवनागरीत "जनता". बंद नाही पडत, पुढे पळतं. सकाळी लावलं की दुपारपर्यंत भलतीच वेळ दाखवतं. डाग चारच्या आकड्याजवळ आहे, पिवळसर, चिंचोक्याच्या टरफलाएवढा. वडील विहिरीवर मोटर चालू करायला जायचे, तेव्हा पाणी शिरलं असणार. काचेवर आडवा ओरखडा आहे, तो मात्र कधीचा ते माहीत नाही.

भुसावळ_लोको
मना आबानं बी हाईच घड्याय व्हतं. डायल बदलजो नको भो.
आमचे आबा रेल्वेत होते. त्यांच्याकडे आधी वेस्ट एंड कंपनीचं घड्याळ होतं, ते मोठ्या काकांकडे गेलं, मग आबांनी जनता घेतलं. सकाळी चहाच्या आधी चावी, आणि चावी शेवटाला टेकली की लगेच थांबायचं, जोर लावायचा नाही. ही शिस्त आम्हा सगळ्या भावंडांना लागली. त्या काळात लग्नात जावयाला घड्याळ, सायकल आणि रेडिओ दिला की पाहुणे खूश. आता कोणी विचारत नाही.

अमळनेरची_ताई
अगदी खरं. माझ्या भावाच्या लग्नात, म्हणजे धाकट्या भावाच्या, घड्याळावरूनच मांडवात रुसवा झाला होता. जावईबापूंना एचएमटीच हवं होतं आणि ते वेळेवर मिळालंच नव्हतं.

सतरा_ज्वेल
ताई, रुसव्यासाठी वेगळा धागा काढा, छान होईल तो. :)
@गिरणाकाठ, मशीन गेलेलं घड्याळ सहसा थांबतं किंवा मागे पडतं. एकदम इतकं पुढे पळायला लागलं तर पहिला संशय चुंबकाचा. आत केसासारखी बारीक हेअरस्प्रिंग असते. तिला चुंबकत्व लागलं की तिचे वेढे एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग आखूड झाल्यासारखी वागते आणि बॅलन्स (तिच्या जोरावर मागेपुढे फिरणारं चाक) भराभर हलतो. जनताचे ठोके तासाला 18000 हवेत, ते वाढतात. कपाटात म्हणालात, पण कपाटात कशाजवळ होतं?

भुसावळ_लोको
हेअरस्प्रिंगला तेल लागलं तरी वेढे चिकटतात आणि घड्याळ असंच पळतं. चुंबकच असेल असं कशावरून? आधी उघडून साफ करून घ्या.

सतरा_ज्वेल
मान्य, तेलही असू शकतं. पण उघडायच्या आधी चुंबक बघायला पैसे पडत नाहीत. साधं होकायंत्र घड्याळाजवळ न्या. बॅलन्स हलतो तशी सुई थरथरली तर चुंबकत्व आहे. मोबाइलमधला कंपासही चालेल, फक्त मागचं चुंबकवालं कव्हर काढा.

गिरणाकाठ
आईला विचारलं. कपाटात वडिलांचा ट्रान्झिस्टर आहे, ती घड्याळ त्याच्यावरच ठेवते. दोन्ही वस्तू त्यांच्या उशाशी एकत्र असायच्या म्हणून. वर्षभर तिथेच आहे.

सतरा_ज्वेल
मग बहुतेक तेच. स्पीकरमध्ये मोठं चुंबक असतं. आईंना काही बोलू नका, घड्याळ फक्त दुसऱ्या कप्प्यात ठेवायला सांगा.
मशीन बदलू देऊ नका. आणि डायलचं म्हणाल तर एचएमटीची घड्याळांची कंपनी बंद करायचा निर्णय 2016 मध्ये झाला, आता "नवीन डायल" म्हणून जी मिळते ती बहुतेक छापलेली. अक्षरं जाड असतात, "जनता" वेगळंच दिसतं. एकदा मूळ डायल काढली की ती दुकानातच राहते, परत मागितली तर सापडत नाही. बदललेलं काहीही असो, जुने भाग पुडीत बांधून मागून घ्यायचे.

रावेरकर
डागासकट वापरायचं? बाहेर घालून जायला बरं दिसत नाही.

गिरणाकाठ
@रावेरकर, आईला आज विचारलं की डाग काढून टाकू का. ती म्हणाली मग ते त्यांचं कशावरून ओळखू? एवढ्यावर माझं डायलचं ठरलं.
दुकानातून घड्याळ घेऊन आलो. ते जरा नाराज झाले, पण दिलं. मोबाइलचा कंपास जवळ नेला तर सुई हलते आहे, चांगलीच. आता हे चुंबक काढायचं कसं? पाचोरा-जळगावात कोण करतं? मला लवकर हवंय.

भुसावळ_लोको
टीव्हीच्या जुन्या मेकॅनिककडे पिक्चर ट्यूबचे डाग काढायची गोल कॉइल असायची, तिनेही होतं. भुसावळला स्टेशनच्या बाजूला अजून एकदोन जुने घड्याळजी बसतात, येताना सांगा, मी सोबत येईन.

सतरा_ज्वेल
टीव्हीवाल्याकडे नको. घड्याळजीकडे छोटं डिमॅग्नेटायझर (चुंबकत्व काढायचं यंत्र) असतं, काही सेकंदांचं काम. बटण दाबून ठेवायचं, घड्याळ हळूहळू लांब न्यायचं आणि मगच बटण सोडायचं. जवळ असताना सोडलं तर उलट चुंबक लागतं. त्यानंतरही पळालं तर भुसावळ_लोको म्हणतात तसं साफ करून घ्या. काच ॲक्रिलिकची असते, ओरखडा पॉलिशने बराच जातो, तीही बदलायची गरज नाही.

गिरणाकाठ
@भुसावळ_लोको रविवारी सकाळच्या गाडीने येतो. नंबर व्यनि (खासगी निरोप) करा. ओरखडा राहू दे.

चोपडेकर
सगळे जाणकार आहेतच तर विचारतो. माझ्याकडे काकांचं फेवर ल्यूबा घड्याळ आहे, सी चीफ मॉडेल. चावी हातात निघून आली. मिळेल का कुठे?

सतरा_ज्वेल
नुसतं डोकं निघालंय की आतली दांडी तुटलीय? फोटो टाका, मागच्या झाकणाचाही.