दुवा तुटण्यामागे अदृश्य जोडचिन्हही असू शकते

क्रोम ब्राउझरमधून कॉपी केलेला मराठी दुवा टक्क्याच्या (%) खुणांमुळे तुटतो, तेव्हा ब्राउझर बदला, असे या चर्चेत म्हटले गेले आहे. क्रोममधून मराठी दुवा कॉपी केला की अशा खुणांची लांबलचक माळ उमटते हे खरे आहे. परंतु त्यामुळेच दुवा तुटतो, हा निष्कर्ष मला पटत नाही. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरे संगणकात बाइटच्या (माहितीच्या छोट्या एककांच्या) रूपात साठवण्याच्या प्रचलित पद्धतीत, देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटचे आणि प्रत्येक बाइट टक्का व दोन अंक-अक्षरे अशा रूपात लिहिला जातो, त्यामुळे 'पुणे' या चार चिन्हांच्या शब्दाची 36 चिन्हे होतात. ॲड्रेस बारमध्ये मूळ अक्षरे दिसोत वा ही माळ, आजचे ब्राउझर पत्त्याच्या मार्गासाठी (संकेतस्थळाच्या नावानंतरच्या भागासाठी) सर्व्हरकडे तेच बाइट पाठवतात.

खरी अडचण टंकनात असते आणि तिचा उल्लेख या चर्चेत अजून आलेला नाही. 'दऱ्या' हा शब्द काही कळफलक स्वतंत्र 'ऱ' वापरून लिहितात, तर काही साधा 'र', हलन्त आणि त्यानंतर शून्य रुंदीचे अदृश्य जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही रूपे सारखीच दिसतात, पण सांकेतिक रूपात पहिल्याची 45 आणि दुसऱ्याची 54 चिन्हे होतात, आणि सर्व्हरच्या लेखी ते दोन वेगळे पत्ते ठरतात. युनिकोड या अक्षर-संकेत प्रमाणकाचे नेहमीचे सामान्यीकरणही (एकाच अक्षराची वेगवेगळी सांकेतिक रूपे एकसारखी करण्याची प्रक्रिया) हा भेद मिटवत नाही, कारण ते जोडचिन्ह काढून टाकत नाही. म्हणून मराठी शीर्षकांवरून पत्ते तयार करणाऱ्या प्रत्येक संकेतस्थळाने एक रूप प्रमाण मानून दुसऱ्यावरून तिकडे पुनर्निर्देशन (वाचकाला आपोआप योग्य पत्त्यावर नेण्याची सोय) द्यायलाच हवे. वाचकाला ब्राउझर बदलायला सांगून हा दोष जाणार नाही.