भूलशास्त्र सोडून पॅलिएटिव्ह केअरकडे वळावे का?

प्रश्न (भूलतज्ज्ञ, नाशिक)
मी बरीच वर्षे खासगी रुग्णालयांत भूल देत आहे. उत्पन्न चांगले आहे; परंतु रुग्ण शुद्धीवर येऊन वॉर्डात गेला की त्याच्याशी माझा संबंध संपतो, आणि ही गोष्ट अलीकडे मनाला फार लागते. पॅलिएटिव्ह केअरकडे, म्हणजे गंभीर आजारातील वेदना आणि त्रास कमी करण्याच्या उपचारांकडे, वळून कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातील रुग्णांच्या वेदनाशमनाचे काम करावे, असा विचार पक्का होत चालला आहे. मुलीचे शिक्षण आणि घराचे कर्ज अजून बाकी आहे. यासाठी पुन्हा एमडी करावे लागेल का?

प्रतिसाद १ (पॅलिएटिव्ह केअर डॉक्टर, पुणे)
डॉक्टर, आपले शिक्षण इथे मुळीच वाया जाणार नाही. केरळमध्ये ही चळवळ रुजवणारे डॉ. एम. आर. राजगोपाल मूळचे भूलतज्ज्ञच आहेत. १९९३ साली कोझिकोडला सहकाऱ्यांसह त्यांनी हे काम सुरू केले. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात २०१२ मध्ये या विषयातील एमडी सुरू झाले, पण आपल्याला ते करावेच लागेल असे नाही. इंडियन असोसिएशन ऑफ पॅलिएटिव्ह केअरचा प्राथमिक प्रमाणपत्र अभ्यासक्रम काम सांभाळून करता येतो. तीव्र वेदनांवरील मॉर्फिन या औषधाच्या परवान्यांची गुंतागुंतही अमली पदार्थविषयक कायद्यातील २०१४ च्या दुरुस्तीमुळे कमी झाली.

खरी कसोटी औषधांची नाही. "आईला आजाराचे नाव कळू देऊ नका" असे मुलगा दाराबाहेर सांगतो, आणि आत आई विचारते, "डॉक्टर, मी बरी होणार ना?" तिला किती जाणून घ्यायचे आहे याचा अंदाज घेत, मुलाचा विश्वास न गमावता, खोटे न बोलता उत्तर देणे शिकावे लागते, आणि ते अनुभवी व्यक्तीसोबत बसूनच येते. म्हणून निर्णयापूर्वी पुण्यात वारजे येथील सिप्लाच्या पॅलिएटिव्ह केअर केंद्रासारख्या ठिकाणी काही आठवडे काम पाहता येईल का, याची चौकशी जरूर करा.

प्रतिसाद २ (फिजिशियन, कोल्हापूर)
वरील सल्ला योग्यच आहे, पण पैशाची बाजू टाळू नये. या कामात एकेका कुटुंबाला तासभर द्यावा लागतो आणि शस्त्रक्रियेसारखे शुल्क त्यासाठी कोणी देत नाही. कर्ज फिटेपर्यंत ऑपरेशन थिएटरचे काम निम्म्यावर आणून आठवड्यातून दोन दिवस वेदनाशमनाची ओपीडी चालवावी, असे मला वाटते. घरच्यांशी हिशेब मांडून आताच बोला.

प्रश्नकर्ता
दोघांचेही मनापासून आभार. प्रमाणपत्र अभ्यासक्रमाला नाव नोंदवतो. ओपीडीसाठी इथल्या कर्करोगतज्ज्ञांकडून रुग्ण पाठवले जातील का, हे त्यांना या आठवड्यातच विचारतो.