मदत हवी आहे: ४० टक्क्यांहून कमी दिव्यांगत्व असताना लेखनिकासाठीचे प्रमाणपत्र

नमस्कार. माझ्या धाकट्या बहिणीच्या उजव्या हाताला ३५ टक्के दिव्यांगत्व असून तिच्याकडे यूडीआयडी कार्ड (केंद्र सरकारचे दिव्यांग ओळखपत्र) आहे. केंद्र सरकारच्या एका भरती परीक्षेसाठी तिला लेखनिक (परीक्षेत तिच्या सांगण्यावरून उत्तरे लिहिणारी व्यक्ती) हवा आहे. केंद्राच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये ४० टक्क्यांहून कमी दिव्यांगत्व असलेल्यांनाही, लिहिण्यात अडचण असल्याचे वेगळे वैद्यकीय प्रमाणपत्र सादर केल्यास, ही सवलत दिली होती. तरीही आमच्या जिल्हा रुग्णालयात ‘चाळीसच्या खाली काही मिळत नाही’ एवढेच तोंडी सांगण्यात आले; सूचनांची छापील प्रत नेली होती, ती कोणी उघडूनही पाहिली नाही. टक्केवारी वाढवून घेण्याचा आमचा हेतू नाही आणि लेखनिक आम्हीच शोधला आहे. असे प्रमाणपत्र ज्यांना प्रत्यक्ष मिळाले, त्यांनी अर्ज कोणाच्या नावे दिला होता, आणि लेखी नकारही मिळत नसेल तर दाद कोणाकडे मागावी?